तुमचा दिवस कधी सुरू होतो?

परवा कर्जतच्या बाजारात नवा मोबाईल घ्यायला गेले होते. दुकानदारानं काउंटरवर पाच-सहा फोन मांडले आणि कॅमेऱ्याचे आकडे सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, "आधी चार्जर दाखवा." तो हसून म्हणाला, "मॅडम, हल्ली डब्यात चार्जर येतोच कुठं?" मी पर्स उचलली आणि घरी आले. चार्जर हे आपलं निमित्त. खरी गोष्ट अशी, की ज्यांना विचारल्याशिवाय मी सात वर्षं साधी बॅटरीसुद्धा घेतली नाही, ते रंगनाथअण्णा आता नाहीत, हे त्या काउंटरसमोर उभी असताना मला नव्यानं कळलं. अण्णांना जाऊन वर्ष होऊन गेलं. बातमी तेव्हाच समजली होती. पण काही विचारावंसं वाटलं आणि विचारायला माणूस नाही, अशी वेळ यायला एवढे दिवस लागले.

राहात्याला माझी बदली झाली तेव्हा गावात खोली मिळेना. शाळेतल्या शिपायानं सांगितलं, गावाबाहेर दोन किलोमीटरवर पेरूच्या बागेत घर आहे, नवरा-बायको दोघंच असतात, माणसं चांगली आहेत, फक्त म्हाताऱ्याला कॉम्प्युटरचं वेड आहे. मी विज्ञान शिकवते, तेव्हा वेड चालण्यासारखं होतं. सामान लावत होते तेवढ्यात अण्णा दारात येऊन उभे राहिले. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, आणि लोक जिथं पेन अडकवतात त्या खिशात एक बारीक स्क्रूड्रायव्हर. टेबलावर माझा कोरा लॅपटॉप होता. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"कुनाला इचारून घेतला?"

"कुणालाच नाही. ऑनलाईन स्वस्तात मिळाला."

"आधी चार्जर दाखवा."

चार्जर त्यांनी तळहातावर तोलला. वायर जिथं डबीत शिरते तिथं दोन बोटांनी हळूच वाकवून बघितली. मग लॅपटॉपचं झाकण चार वेळा उघडलं, चार वेळा मिटलं, आणि मिटताना खरोखरच बिजागरीला कान लावला. चालू करून काही त्यांनी बघितलं नाही.

"मशीनचं तोंड समदेच धुत्यात, बाई. कंपनीचं इमान कुठं बघायचं, तर जिथं कोन बघत न्हाई तिथं. दोन वरीस चालंल. मंग बिजागरी बोलंल."

मी मनात म्हटलं, चला, घरमालक विक्षिप्त आहे. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बिजागरी तुटली. "सांगितलं होतं" हे शब्द मी ऐकायची तयारी ठेवली होती. अण्णा ते बोलले नाहीत. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून कामाला लागले.

अण्णा शुगर फॅक्टरीतून रिटायर झालेले. तिथं ते उसाच्या वजनकाट्यावर होते. काट्यावर पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं, तो अण्णांनी लावला. कॉम्प्युटर अडला की मागं गाड्यांची रांग लागायची, बैल उन्हात उभे राहायचे आणि शिव्या अण्णांना पडायच्या. यंत्राबद्दलची त्यांची सगळी मतं त्या रांगेसमोर बसून तयार झालेली होती. पुस्तकातलं त्यांना फारसं माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं मात्र ते सोडत नसत. माझ्याकडून इंग्रजी माहितीपत्रकं वाचून घ्यायचे आणि मध्येच थांबवून म्हणायचे, "आता ही जाहिरात झाली. पुढचं वाचा."

रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं यायची. कुणाला मुलीसाठी टॅब घ्यायचा, कुणाला गोठ्यावर कॅमेरा बसवायचा, कुणाच्या फोनवर नको त्या जाहिराती यायच्या. अण्णा कंपनीचं नाव कधीच आधी सांगत नसत. ते आधी चौकशी करत. वापरणार कोण? ठेवणार कुठं? बिघडलं तेव्हा घरात कोण असणार? एकानं सांगितलं, टॅब पत्र्याच्या खोलीत राहील. अण्णा म्हणाले, "मंग पयलं छत घ्या, टॅब नंतर." तो माणूस हसला. अण्णा हसले नव्हते.

कुठल्याही नव्या वस्तूबद्दल मत द्यायचं तर ती एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक दिवाळी वापरलेली हवी, असा त्यांचा नियम होता. उन्हाळ्यात तापते का ते कळतं, पावसाळ्यात दमटपणा सोसते का ते कळतं. दिवाळी कशाला, असं मी विचारलं. "पावन्यांची पोरं येत्यात ना." पासवर्ड कागदावर लिहून ठेवणाऱ्यांना ते कधी हसले नाहीत. महिन्या-महिन्याला पासवर्ड बदलायला लावणाऱ्यांवर मात्र त्यांचा राग होता. अपडेटबद्दल म्हणायचे, चालत्या मोटरला हात लावू नये. आणि स्वतः मात्र अपडेट आलं रे आलं की दुपारची झोप मोडून ते घ्यायचे, आणि संध्याकाळी "काई फरक न्हाई" असं जरा नाराज होऊन सांगायचे.

इंदूकाकू, म्हणजे अण्णांची बायको, एकदा रेशन दुकानातल्या अंगठा लावायच्या मशीनवरून परत आल्या. मशीननं त्यांचा अंगठा ओळखलाच नव्हता. तीन वेळा पुसून लावला, तेल लावून लावला. अण्णांनी काकूंचा हात हातात घेतला आणि उजेडात धरून बघत राहिले. खुरपं धरून धरून बोटावरच्या रेषा गेलेल्या होत्या. "जिनं जलमभर काम केलं तिचाच अंगठा वळखत न्हाई. म्हंजी ज्यानं मशीन केलं त्यानं आसला हात कधी बघितलाच नसंल." काकू लाजून हात सोडवून घेत होत्या. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झालेल्या त्या बाईला नवऱ्यानं असा हात धरलेला मी एकदाच पाहिला, आणि तोही मशीनच्या कृपेनं.

अलीकडे फोनला काहीही विचारलं की तो उत्तर देतो, ते आलं, तेव्हा अण्णा महिनाभर त्याच्याशी बोलत होते. राहात्याच्याच भाषेत बोलायचे. त्याला कळलं नाही तर पुन्हा तेच, तसंच. मी म्हटलं, जरा शुद्ध बोलून बघा. तर म्हणाले, "मी कशाला शिकू? त्यानं शिकावं." महिन्याभरानं मी त्यांचं मत विचारलं.

"लई हुशार हाय. पर 'मला म्हाईत न्हाई' म्हनायला त्याला कुनी शिकिवलं न्हाई. आपल्या गावात बी आशे दोन-तीन हायेत. त्यांना आपन पारावर बोलू देतो, पर पेरूवर औषध त्यांना इचारून मारत न्हाई."

मी खळखळून हसले. चुलीपाशी बसलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "आन् 'मी चुकलो' म्हनायला तुमाला कुनी शिकिवलं?"

अण्णांनी फोन खिशात टाकला आणि बागेत निघून गेले. काकू भाकरी थापत राहिल्या. कुठली चूक, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या चुकीचा पत्ता मला लागला तो शाळेच्या हजेरीवरून. त्या वर्षी हजेरी फोनवरून भरायची नवी पद्धत आली. ठरलेल्या वेळेच्या आत भरली नाही तर खिडकी बंद. आमची बरीच मुलं वस्त्यांवरून चालत येणारी, आणि घरची धार काढून दूध घालून मग येणारी. रोज दहा-बारा जण हजर असून गैरहजर व्हायची. मी घरी येऊन चिडचिड केली. अण्णा म्हणाले, "ज्यानं हे लिवलं त्यानं तुमाला येक सवाल इचारायला पायजे व्हता. तुमचा दिवस कधी सुरू होतो? सॉफ्टवेअर लिवायच्या आधी हे इचारावं. मी समद्यांना हेच सांगतो." आणि त्यांचा आवाज असा काही उतरला, की हजेरीचं बोलणं तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा बाजारात गेल्यावर काकूंनी मला सगळं सांगितलं.

आमच्या घरासमोरच्या बांधापलीकडं अण्णांच्या धाकट्या भावाचं, बाळासाहेबांचं घर. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन वाटली, गुरं वाटली, भांडी वाटली. विहीर तेवढी सामाईक राहिली. दोन दिवस पाणी अण्णांचं, दोन दिवस बाळासाहेबांचं, अशी पाळी. वर्षानुवर्षं हातानं मोटर चालू-बंद करायची, कधी कुरबुर नाही. मग अण्णांनी विहिरीवर मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. मिस कॉल दिला की मोटर चालू, पुन्हा दिला की बंद, आणि दोघांच्याही फोनवर तसा मेसेज. एवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले. त्यांनी त्याला स्वतः एक छोटं यंत्र जोडलं. ज्याची पाळी त्याचाच नंबर ते घेणार. म्हणजे भांडणाला जागाच नको.

त्या उन्हाळ्यात एका आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. बाळासाहेबांच्या पाळीचा दुसरा दिवस. लाईट आल्यावर त्यांनी फोनवरून मोटर चालू केली, बागेच्या लांबच्या टोकाला पाणी लावलं आणि निवांत पडले. बरोबर बारा वाजता मोटर बंद पडली. त्यांनी मिस कॉल दिला तर उत्तरादाखल मेसेज आला: आज तुमची पाळी नाही.

आता ह्या गावात वाडवडिलांपासून आणि ह्या विहिरीवर वाटण्यांपासून पाळी बदलते ती उजाडल्यावर. बारा वाजता पाळी बदलते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अण्णांच्याही नव्हतं. त्यांनी यंत्रात तारीख टाकली आणि यंत्रानं आपल्या हिशेबानं तारीख बदलली, इतकीच ती चूक. सकाळी बाळासाहेब अंगणात आले आणि विचारलं, "दादा, माजं पानी का तोडलं?" अण्णांनी यंत्र तपासलं, आणि त्यांच्यातला वजनकाट्यावरचा माणूस बोलला. "मशीन बरोबर हाय. बारा वाजले, तारीख बदलली."

"आपला दिस बारा वाजता कधीपासून बदलाया लागला?"

"समद्या जगाची तारीख बारालाच बदलती, बाळू."

"मंग जगालाच भाऊ म्हना," असं म्हणून बाळासाहेब गेले. त्या दिवसापासून अबोला.

"त्याच दिशी दुपारी ह्यांनी मशीन दुरुस्त केलं," काकू म्हणाल्या. "सकाळचे सहा टाकले. मंग म्हनले, उजाडायची येळ रोज येगळी असती. पंचांग घेऊन बसले. वरीसभराचे सूर्योदय त्यात टाकले, बाई, येक येक दिवसाचा. पर बांध वलांडून येक शबूद टाकायला गेले न्हाईत. मोठा भाऊ ना."

हे सगळं मी यायच्या दोन वर्षं आधी झालेलं. त्यानंतर मी अण्णांकडे बघायला लागले तेव्हा मला दिसायला लागलं, की जेवताना त्यांचा फोन ताटाशेजारी उताणा का असतो. बाळासाहेबांनी मोटर चालू केली की मेसेज यायचा. अण्णा तो वाचायचे आणि काकूंना सांगायचे, "बाळूनं मोटर चालू केली." तासा-दोन तासांनी, "बाळूनं बंद केली." ह्यापलीकडं भावाची खबर त्यांना नव्हती. लोकांना ते फोनमधला कचरा काढायला शिकवायचे, आणि त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये हे मेसेज हजारांनी साठलेले. सगळे सारखे. एकही पुसलेला नाही. पावसाळ्यात मोटर लागत नाही, मेसेज येत नाहीत. लोक पावसासाठी डोळे लावून बसायचे आणि अण्णा म्हणायचे, "औंदा लई झाला पाऊस."

एकदा हिवाळ्यात बाळासाहेबांच्या पाळीचे दोन्ही दिवस लाईट असून मेसेज आला नाही. पहिल्या दिवशी अण्णांनी यंत्र उघडून बघितलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, तुमी जरा पलीकडं जाऊन या. म्हनावं, पेरू पायजे." आमच्या दारात पेरूची झाडं वाकलेली असताना मी पेरू मागायला बांध ओलांडून गेले. बाळासाहेब तापानं फणफणले होते. घरातली माणसं देवाला गेलेली. मी येऊन सांगितलं. काकूंनी डॉक्टरला फोन लावला आणि कढी-भात नेऊन दिला. अण्णा बांधापर्यंत आले. बांधावर उभे राहून त्यांनी विहिरीकडची केबल निरखली, जणू काही केबलसाठीच आले होते, आणि परत फिरले. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. चार पावलं तर होती.

मग ते सोलरचं प्रकरण झालं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा बाळासाहेब फाटकाशी मोटरसायकल लावून उभे होते. माणूस अण्णांसारखाच, फक्त हाडापेरानं रुंद. म्हणाले, "बाई, येक काम व्हतं. बोर घेतला, दोनशे फुटाला पानी लागलं. आता सोलर पंप घ्यावा का न घ्यावा? इकनारे तर काईबी सांगत्यात. घरात येवढा जानकार मानूस आसताना मी दुसऱ्या कुनाला इचारू?"

"मग त्यांनाच विचारा की."

"तुमी इचारा. माजं नाव नगा घेऊ. पावन्याला घ्यायचाय म्हना."

मी संध्याकाळी ओट्यावर अण्णांना म्हटलं, "माझ्या एका पाहुण्यांना सोलर पंप घ्यायचाय."

"पावन्याचा बोर किती खोल?"

मी सांगितलं. अण्णा बांधाकडं बघत म्हणाले, "पलीकडं परवा बोरची गाडी धडधडत व्हती. त्यांना बी तेवढ्यालाच लागलं म्हनं." मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही, आणि अण्णांपुढं तर नाहीच.

एरवी सोलरवर त्यांचं मत तयार असायचं. कुणी नुसतं नाव काढलं तरी अर्धा तास बोलायचे. त्या दिवशी म्हणाले, "उद्या सांगतो."

मला कळत होतं की ते कशात अडकलेत. बाळासाहेबांचा स्वतःचा पंप झाला की ह्या विहिरीची, ह्या मोटरची त्यांना गरज उरणार नाही. मेसेज थांबणार. "सोलर नको, त्याचा काही भरवसा नाही" एवढं म्हटलं असतं तरी बाळासाहेबांनी ऐकलं असतं, कारण यंत्राच्या बाबतीत त्या घराचा अण्णांच्या शब्दावर अजूनही विश्वास होता. अबोल्यानं तेवढा एक विश्वास शिल्लक ठेवला होता. मी रात्रभर मनात म्हणत होते, अण्णा, एकदा खोटं बोला. हे मी मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई.

सकाळी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं आणि सांगत गेले. पॅनलचं तोंड दक्षिणेला. पेरूची सावली पडता कामा नये. पॅनलखालचा कंट्रोलरचा डबा सावलीत. पॅनल पहाटे गार असताना ओल्या फडक्यानं पुसायचे, साबण लावायचा नाही. मी लिहीत होते.

"म्हणजे घ्यायचा?"

"घ्यायचा. चांगली वस्तू हाय."

काकू दारातून म्हणाल्या, "आन् आपली इहीर?"

"मला पंपाचं मत इचारलंय. ते मी सांगितलं." मग मला म्हणाले, "पावन्याला आनखी येक सांगा. सोलर उजाडल्यावर चालू व्हतो आन् दिस बुडाला की थांबतो. बारा वाजल्याचं त्याला काई कळत न्हाई. त्याच्यात तशी चूक कुनाला करताच येनार न्हाई."

सोमवारी मी ते शब्द जसेच्या तसे शाळेच्या फाटकाशी पोचवले. कागद घडी करून खिशात घालता घालता बाळासाहेब थांबले.

"चूक म्हनले? त्यांच्या तोंडानं?"

"हो."

त्यांनी मोटरसायकलला किक मारली. ती तिसऱ्या किकला लागली. जाताना ते "येतो" म्हणायचं विसरले. मला वाटलं, आता हा माणूस सरळ बांध ओलांडणार. मी त्या संध्याकाळी मुद्दाम ओट्यावर वह्या तपासत बसले होते. कुणी आलं नाही. शब्द आडून आला होता, पाहुण्याच्या नावावर, आणि आडून आलेल्या शब्दाचं काय करायचं हे बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

दोन-अडीच महिन्यांत पलीकडं पॅनल उभे राहिले. दक्षिणेला तोंड करून. अण्णांच्या फोनवरचे मेसेज थांबले. पहिले काही दिवस फोन ताटाशेजारी उताणा असायचा, मग पालथा, मग तो खोलीतच राहायला लागला. रविवारची माणसं येत होती, अण्णा चौकशी करत होते, सल्ले देत होते, पण चार्जर बघायला मागताना पूर्वीसारखं बोट पुढं होत नसे. माणूस आतून कमी होत जातो ते मी तेव्हा जवळून पाहिलं. आणि मला काही करता आलं नाही. माझी पुन्हा बदली झाली, ह्या वेळी कर्जतला.

पुढच्या वर्षी अण्णा आजारी पडले आणि पंधरा दिवसांत गेले. मला वेळेवर पोचता आलं नाही. नंतर काकू फोनवर बोलल्या. मी विचारलं, बाळासाहेब आले होते का?

"आला व्हता दवाखान्यात. उशाला बसला. तासभर बसला. दोघं बी गप. नर्स म्हनली, पेशंटला बोलू देऊ नगा, दम लागतोय. बरंच झालं. दोघांला कारन घावलं." काकू हे सांगताना हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मग मलाही.

दवाखान्यातले अण्णा मी पाहिले नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते मी राहातं सोडलं त्या दिवशीचे. ऊन व्हायच्या आत पोचावं म्हणून मी टेम्पो पहाटेच बोलावला होता. सामान चढवून झालं. निरोप घ्यायला बघते तर अण्णा घरात नाहीत. काकू म्हणाल्या, विहिरीवर असतील. गेले. पूर्वेला नुसतं तांबडं फुटत होतं. अण्णा स्टार्टरच्या पेटीसमोर उभे होते. पेटीवरचे तिन्ही दिवे लागलेले, म्हणजे लाईट होती, आणि मोटर बंद. मागच्या बागेत पेरूची पानं कडेनं पिवळी पडायला लागलेली मला त्या उजेडातही दिसत होती.

"अण्णा, लाईट आहे की. मोटर का नाही लावली?"

"आज बाळूची पाळी हाय. उजाडस्तवर."

मला क्षणभर कळेचना. "अहो, पण त्यांनी तर विहिरीचं पाणी सोडलंय ना?"

"सोडलंय. पर मला 'घ्या' म्हनला न्हाई आजून."

मग तेच सांगायला लागले. "मशीन नव्हतं तवा आमची येक रीत व्हती, बाई. पाळी संपली, उजाडलं, की मोटर बंद करायची आन् बांधावर येऊन हाक मारायची. 'दादा, पानी घ्या.' मंग मी यायचा. माजी पाळी संपली की मी हाक मारायचा. 'बाळू, पानी घे.' मशीन बसविलं तवा मी काय म्हनलो म्हाईत हाय? म्हनलो, चला, रोजची वरडायची कटकट गेली." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "लई मशीनी बघितल्या मी. कोनतं मशीन काय देतंय ते मला बराबर सांगता यायचं. ते काय घेऊन जातंय ते मी कधी मोजलंच न्हाई."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातावर ठेवला. "कर्जतला कोन बिजागरी बघून देनार तुमाला," एवढंच म्हणाले.

टेम्पोत बसले तेव्हा सूर्य वर आला होता. बांधापलीकडं बाळासाहेब बादली घेऊन पॅनल पुसत होते, ओल्या फडक्यानं, सांगितलं होतं तसं. पुसता पुसता ते थांबले. लाईट असून मोटर का वाजत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शेतकऱ्याच्या कानाला ते आपोआप कळतं. फडकं हातात धरून ते विहिरीकडं बघत उभे होते. इकडं अण्णा पेटीसमोर, बांधाकडं तोंड करून. टेम्पोवाल्याला मी म्हटलं, जरा थांबा. तो थांबला. चांगला पाच मिनिटं थांबला. मग म्हणाला, "बाई, कुनाची वाट बघताय?"

मी म्हटलं, "चला."